झाईल म्हणजे दोर

पन्नाशी उलटल्यावर मी दुपारी एकटाच बसून जर्मन शिकतो आहे. तीन वर्षांपूर्वी लेकीने जर्मनीतल्या मुलाशी लग्न केलं आणि मी हट्टाने लग्नाला गेलो नाही. फोन तिची आईच करते. आजचा शब्द होता ‘झाईल’, म्हणजे दोर. शब्दकोशात लिहिलं होतं की त्याचं मूळ ‘बांधणे’ या अर्थाच्या एका फार जुन्या धातूत आहे, आणि आपला ‘सेतू’ही तिथूनच आला. दोर आणि पूल एकाच घरचे. पुढे वाचवेना, म्हणून गच्चीवर गेलो.

इमारतीला रंग देणं चालू होतं. एक रंगारी दोराला लटकून चौथ्या मजल्यापाशी ब्रश फिरवत होता. वर त्याचा भाऊ खांबाला बांधलेल्या दोरावर नुसता तळहात ठेवून बसला होता. मधूनच ओरडायचा, “आहेस ना रे?”

“नाही, चहाला गेलोय!” खालून उत्तर आलं.

“गाठ पक्की आहे ना? मग हात कशाला?” मी विचारलं.

“गाठीचं काम गाठ करते, काका. पण लटकलेल्याला वर कोणी आहे हे कळावं लागतं.”

मी तुझ्या पाठीशी आहे, असं मी लेकीला मनातल्या मनात कितीदा म्हटलं असेल. तिला ते कधी कळलंच नाही. तिथेच उभा राहून मी फोन लावला.

“बाबा?” तिचा आवाज एकदम घाबरला. “आई बरी आहे ना?”

“काही झालं नाही गं,” एवढं म्हणायला मला फार वेळ लागला.