मीठ नसलेला कारखाना

ते प्रकरण निवृत्तीनंतरही माझी पाठ सोडत नाही. न्हावा शेवा बंदरातून निघालेला पोटॅशियम नायट्रेटचा, म्हणजे ठिबकमधून देतात त्या पांढऱ्या खताचा, ट्रक गायब झाला. दुसऱ्या दिवशी तो खांदेश्वरजवळ रिकामा सापडला. दोघांनी चाकू दाखवून गाडी नेली, असं चालक सांगत होता. अंगावर साधा ओरखडा नव्हता, म्हणून मी त्यालाच अटक केली. स्टेशन डायरीत लिहिलं, 'आरोपी खोटं बोलत आहे,' आणि तावातावाने त्याला वाचूनही दाखवलं. त्याची बायको रोज डबा घेऊन ठाण्याच्या बाकावर बसून राहायची.

चौकशीत तो रडला, पण शब्द फिरवला नाही. खोटं बोलणारा रोज थोडी भर घालतो, हा घालत नव्हता. तरी मी हटून बसलो, कारण दुसरा संशयित हाताशी नव्हता.

तेवढ्यात खबऱ्याने टीप दिली, पावणे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात तसलाच माल नव्या गोण्यांत भरला जातोय. पंच घेऊन छापा घातला. मालक बिलकूल डगमगला नाही. माल आम्ही इथेच बनवतो म्हणाला आणि सरबत पाजून मलाच शिकवू लागला. सोडियम नायट्रेट आणि पोटॅश गरम पाण्यात एकत्र करायचं, त्यातून तयार होणारं मीठ वेगळं काढायचं, उरलेलं पाणी गार झालं की पोटॅशियम नायट्रेटचे खडे धरतात. टाक्या होत्या, कित्येक वर्षांचा परवाना होता. प्रयोगशाळेनेही फार तर दोन्ही माल एकच रसायन आहे, एवढंच सांगितलं असतं. मी पंचनामा आवरायला सांगितला.

माझ्यासोबतचे एक हवालदार खाडीकाठच्या गावचे, बापजाद्यांचं आयुष्य मिठागरात गेलेलं. ते टाकीखाली वाकून नटबोल्ट चाचपत होते.

"शेठ, मंग मीठ कुठं हाय?"

विकलं, असं मालक म्हणाला.

"मिठाजवळचं लोखंड दोन पावसाळे टिकत नाय. तुमचे नट तर कोरे करकरीत हाय."

मालकाने हातातला ग्लास खाली ठेवला. मागच्या खोलीत बंदरावरच्या रिकाम्या गोण्या मिळाल्या. संध्याकाळपर्यंत त्याने चाकूवाल्या दोघांची नावं सांगितली.

समोर काय आहे ते कुणालाही दिसतं. काय असायला हवं होतं आणि नाही, ते बघायला मी त्या हवालदारांकडून शिकलो, तेही इतक्या वर्षांच्या नोकरीनंतर.

न्यायालयात अहवाल देऊन चालकाला सोडवलं. तो सामान घ्यायला ठाण्यात आला तेव्हा मी माफी मागितली.

"साहेब, त्या वहीतलं तेवढं खोडा," तो म्हणाला.

स्टेशन डायरीत खाडाखोड चालत नाही. मी नवी नोंद केली, 'चालक पहिल्या दिवसापासून खरं बोलत होता. चूक माझी.' मग त्याच्या बायकोला बाकावरून आत बोलावलं आणि दोघांना ती वाचून दाखवली.