पोदेराच्या भट्टीतले दगड

गोवा घटक राज्य झालं त्या वर्षी मी धारगळला कालव्याच्या कामावरच्या प्रयोगशाळेत लागलो. प्रयोगशाळा म्हणजे हमरस्त्यालगतची पत्र्याची शेड. ऑफिसात चहाच्या वेळी मराठी की कोंकणी यावरून वाद चालायचे. मी दोन्हीकडून बोलायचो आणि दोन्हीकडची बोलणी खायचो. नुकताच डिप्लोमा झाला होता, त्यामुळे आपल्याला सगळं कळतं असा माझा समज होता.

मयेच्या बाजूला कालवा खणताना डोंगरात एक मऊ, पांढुरका दगड लागला होता. त्यात चिकणमाती भरपूर. कालव्याचं पाणी चढेल, उतरेल. दगड भिजेल, सुकेल. तो टिकेल का, हे मी सांगायचं होतं. दहा तुकडे ओव्हनमध्ये कोरडे करायचे, वजन करायचं, जाळीच्या पिंपात घालून दहा मिनिटं पाण्यात फिरवायचे. उरलेले पुन्हा सुकवायचे, पुन्हा फिरवायचे. शेवटी जाळीत जे उरेल ते दगडाचं पुण्य.

पण नेमकी ओव्हनची कॉईल जळली. नवी बेळगावहून यायला आठवडा लागणार होता आणि अहवाल दोन दिवसांत हवा होता. शेडमागेच पोदेराची पावाची भट्टी होती. सकाळचे पाव काढल्यावर ती दुपारभर नुसती गरम असायची. मी ट्रे घेऊन गेलो, तुकडे अगदी कोरडे व्हायला हवेत असं दोनदा बजावलं आणि तासाभरात येतो म्हणून घरी गेलो. जेवणात बांगड्याचं हुमण होतं. जेवून जरा आडवा झालो तो उठलो चार वाजता.

धावत गेलो तर पोदेराने संध्याकाळच्या पावांसाठी भट्टी पेटवून, माझा ट्रे निखाऱ्यांपाशी सरकवून, पुन्हा बाहेरही काढून ठेवला होता. तुकडे तांबूस झाले होते. मी काही बोलण्याआधीच तो म्हणाला, "तुमीच म्हळें न्ही, बरे सुकूंक जाय म्हूण?"

मी ट्रे उचलून शेडमध्ये आणला. सुकणं ते सुकणंच, अशी मी मनाची समजूत घातली.

पिंप धुवायला बेळगावकडची एक बाई होती, तिला सगळे मावशी म्हणायचे. तुकडे पिंपात घालताना ती थबकली. म्हणाली, "साहेब, ही दगडं कौलागत वाजायल्यात." मी तिला ओलावा आणि कोरडेपणा यावर लांबलचक व्याख्यान दिलं. तिने ते मान खाली घालून ऐकलं आणि पिंप फिरवायला घेतलं. दोन्ही फेऱ्यांनंतर तुकडे जसेच्या तसे. खाली पाणीसुद्धा गढूळ नाही. मी सुवाच्य अक्षरात लिहिलं, दगड उत्तम आहे, कालव्याला काँक्रीटच्या अस्तराची गरज नाही.

दुसऱ्या दिवशी मोठे इंजिनियर आले. त्यांनी अहवाल वाचला, मग माझ्या मेजाखालच्या पिशवीतला न भाजलेला एक तुकडा उचलून पाण्याच्या ग्लासात टाकला आणि चहा मागवला. त्यांचा चहा संपायच्या आत ग्लासात तळाशी नुसता चिखल उरला होता.

"हे कुठे सुकवलेस?" त्यांनी विचारलं.

मी खरं सांगितलं, भट्टीचं आणि मावशी कौलाबद्दल म्हणाली होती तेही. ते हसले असते तर बरं वाटलं असतं.

"भाजलेलं मडकं पाण्यात विरघळत नाही," ते म्हणाले. "हे तिलाही कळलं होतं. तू विचारलंस का?"

मावशी दारात उभी होती. ती पटकन बाहेर गेली, माझी लाज राखायला.

मी स्वतः स्कूटरवरून मयेला जाऊन नवे तुकडे आणले. अहवालाला उशीर झाला तरी कॉईल येईपर्यंत थांबलो. या खेपेला पहिल्याच फेरीत पिंपाखालचं पाणी दुधासारखं झालं, दुसऱ्या फेरीनंतर जाळीत मूठभर खडे उरले. वजन करण्याआधी मी मावशीला विचारलं, हे बरोबर दिसतंय का. तिने एक खडा बोटांत चुरडून पाहिला, पदराला हात पुसला आणि म्हणाली, "आता लिवा."