उलट्या पिळाचं दावं

त्रेपन्नाव्या वर्षी मी दोर वळायला शिकलो, आणि तेही नाइलाजानं. हौस वगैरे काही नव्हती. परभणीच्या एका कचेरीत आयुष्यभर आवक-जावक लिहिण्यात गेलं. गाठ मारायची ती फायलीच्या नाडीची, एवढीच काय ती माझ्या हातांना सवय.

माझे आई-वडील बोरीला राहतात. वडिलांना आम्ही आण्णा म्हणतो. ऐंशीच्या पुढं गेले तरी दावणीला दोन बैल आहेत. शेत ट्रॅक्टरनं नांगरलं जातं, बैलांना काम बेताचंच. पण वैरण टाकायची म्हणून आण्णा पहाटे उठतात, पाणी दाखवायचं म्हणून दुपारी हिंडतात. बैल गेले तर हा माणूस खाटेवरून उठायचा नाही, ही माझी भीती होती, आणि गेल्या वर्षी ती खरी व्हायची वेळ आली.

झालं असं, की आण्णांचा उजवा हात थरथरायला लागला. आमच्या घरी पोळ्याला बैलांच्या अंगावर चढतो तो घरी वळलेलाच दोर: वेसणी, दावी, कासरा, सगळं नवं. दर साली आण्णाच वळायचे. आषाढात एका रविवारी मी गेलो तर म्हणाले, "औंदा जोडी देऊन टाकू. माझ्यानं दोर होत न्हाई. आन इकतचा नायलॉन बैलाच्या नाकात घालायचा न्हाई."

मी म्हणालो, "मी वळतो की."

आण्णा हसले. त्या हसण्याचा अर्थ मला चांगला ठाऊक होता. मी डावखुरा. दहा वर्षांचा असताना त्यांनी मला दोर शिकवायला घेतलं होतं. उजव्या मांडीवर, उजव्या हातानं. डावा हात पुढं आला की चापट बसायची. तिसऱ्या दिवशी त्यांनी दोराचा वाख माझ्या हातातून काढून घेतला आणि म्हणाले, "डावरा तो डावराच. जा, शाळा शीक." शाळा शिकलो, नोकरीला लागलो, पण ते वाक्य काही मी विसरलो नाही. मी तसा डूख धरणारा माणूस आहे.

तर दर रविवारी गोठ्यात बसायला लागलो. वाख म्हणजे अंबाडीची धाटं पाण्यात कुजवून, सोलून काढलेले धागे. त्याची बट मांडीवर ठेवायची, तळहातानं पुढं रेटत पीळ द्यायचा, की एक पेड होतो. असे तीन पेड एकमेकांवर उलट्या दिशेनं वळले की दोर. सांगायला सोपं आहे. माझी मांडी सोलवटली, तळहाताला फोड आले, सोमवारी हजेरीची सही करताना बोटं आखडायची. पण या वेळी चापट मारणारं कुणी नव्हतं, म्हणून मी सरळ डाव्या मांडीवर, डाव्या हातानं वळायला लागलो. आण्णा तोंड फिरवून बसायचे. चौथ्या रविवारी माझे दोन पेड बरे झाले. तिसरा आण्णांनी थरथरत्या हातानं आठवडाभर खपून केला होता.

तिन्ही पेडांची टोकं खुंट्याला बांधली आणि दावं वळायला घेतलं. माझे दोन पेड एकमेकांना घट्ट धरायचे, आण्णांचा मात्र जिथं वळावा तिथं सुटत जायचा. हातभर वळून झाल्यावर ओढून पाहिलं, तर त्याचा वाख पिंजारून बाहेर आला. आण्णांनी माझा पेड चिमटीत धरून फिरवला.

"ह्याचा पीळ उलटा हाय," ते म्हणाले. "डावरा तो डावराच."

मग माझंही डोकं फिरलं. वाख तिथंच टाकला आणि म्हणालो, "मग द्या इकून. कटकट तरी जाईल." जेवणाचं ताट वाढलेलं सोडून मोटारसायकलला किक मारली. वाटेतल्या झरी गावापर्यंत रागात होतो. झरीच्या पुढं लाज वाटायला लागली.

आठवडाभर फोन केला नाही. पुढच्या रविवारी पिशवीत बाजारातला सुती दोर टाकला, माफी मागायची मनात जुळवणी केली आणि गेलो. आई दारातच भेटली. हळू आवाजात म्हणाली, "काय बोलू नको त्यांला. आठ दिस झाले, डाव्या हातानं वळायलेत."

आण्णा गोठ्यात बसले होते. डाव्या मांडीवरचं धोतर वर सारलेलं, मांडी लालभडक. आजूबाजूला फसलेले पेड पडले होते, अगदी माझ्या पहिल्या रविवारी पडले होते तसे. मान वर न करता म्हणाले, "दोराला उजवा-डावा काय न्हाई. तिन्ही पेड एका पिळाचे पाहिजेत, बस्स. तुझे दोन झालेत, म्हणून तिसरा उलटा करायलोय. ह्यो हात थरथरत बी न्हाई."

मी शेजारी बसलो. पिशवी मागं सरकवली.

थोड्या वेळानं ते थांबले. हात मांडीवर तसाच ठेवून म्हणाले, "लय अवघड हाय रे हे. नको त्या हातानं. तू तर दहा वर्साचा व्हतास."

मी त्यांच्या हाताकडं पाहिलं. म्हणालो, "अंगठा सैल सोडा, आण्णा." त्यांनी डोळे वटारून माझ्याकडं पाहिलं आणि अंगठा सैल सोडला.

पोळ्याला थोरल्या बैलानं वाजंत्रीला बुजून जोराचा हिसडा दिला. दावं सुटलं नाही. शेजारच्या म्हाताऱ्यानं आण्णांना विचारलं, "जोडी देणार व्हता न्हवं?"

"कशाला?" आण्णा म्हणाले. "दोन डावे हात हायेत घरात."