गरम टोप, गार टोप

रिक्षाचा क्लच डाव्या हाताला असतो. गिअरही त्याच मुठीत, मनगट फिरवून टाकायचा. दोन हजार सालानंतरची पाचसहा वर्षं उलटली होती. मी अंबरनाथ स्टेशनपासून एमआयडीसीपर्यंत पहिल्या पाळीचे कामगार सोडायचो. एका सकाळी ओल्या वळणावर गाडी कलंडली. मागचे तिघे खरचटण्यावर सुटले. माझं डावं मनगट गाडीखाली आलं.

सहा आठवडे प्लास्टर. ते कापलं तेव्हा आतून निघालेला हात मला माझा वाटेना. बोटं सुजून तट्ट झालेली, मूठ अर्धीसुद्धा वळत नव्हती. दारात उभ्या असलेल्या गाडीत बसून क्लच दाबून बघितला. बोटं दांडीवर टेकली आणि तिथंच राहिली.

त्यानंतर माझं बोलणंच कमी झालं. भिंतीकडे तोंड करून पडायचो. स्टँडवरचे दोस्त भेटायला आले की झोपेचं सोंग घ्यायचो. अठरा वर्षं रिक्षा चालवली होती, दुसरं काही येत नव्हतं. बायकोने आठ दिवस वाट बघितली. नवव्या दिवशी तिने इस्त्रीचा शर्ट आणून माझ्यासमोर धरला.

"उठा. उल्हासनगरला जायचंय."

कॅम्प एकमध्ये कापडाच्या दुकानावर एका सिंधी मॅडमचा फिजिओथेरपीचा दवाखाना होता. त्यांनी एक्स-रे पाहिला, एकेक बोट वाकवून बघितलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"हड्डी जुड गयी है, भाऊ. आता अकड काढायची," त्या म्हणाल्या. "दोन टोप घ्या. एकात गरम पाणी, एकात बर्फाचं. चार मिनिटं गरम, एक मिनिट गार. असं चारपाच वेळा. हात पाण्यात असतानाच मूठ उघडायची, मिटायची."

"याने हात पहिल्यासारखा होईल?" बायकोने विचारलं.

"पाणी जादू नहीं करता. सूज उतरते, दुखणं कमी होतं, मग व्यायाम जमतो. हात सुधारतो तो व्यायामाने. आणि गरम म्हणजे उकळतं नाही हां, आधी कोपर बुडवून बघायचं."

गरम पाण्याची अडचण नव्हती, स्टो होता. बर्फाचे मात्र वांधे. तेव्हा लोडशेडिंग इतकं की फ्रिजमध्ये बर्फ धरायचाच नाही. मग बायको बाजारातल्या कोळणीकडून रोज डबाभर बर्फ आणू लागली. दोनदा धुतला तरी त्याला बोंबलांचा वास यायचा.

पहिल्या दिवशी गरम पाण्यात हात घातला आणि बरं वाटलं. चार मिनिटांनी तिने तो उचलून बर्फात ठेवला. मी अशी शिवी हासडली की शेजारीण दारात आली.

"काय झालं वहिनी?"

"काही नाही, यांना अंघोळ घालतेय," बायको म्हणाली.

मला हसू फुटलं. अपघातानंतर पहिल्यांदाच. बायको हसता हसता तोंडाला पदर लावून बसली, आणि घड्याळाकडे बघून म्हणाली, "अजून अर्धं मिनिट आहे, हात काढू नका."

त्या गार मिनिटाची गंमत मला हळूहळू कळली. हात बर्फात असताना दुसरा कुठलाच विचार टिकत नाही. आपलं काय होणार, घर कसं चालणार, सगळं बाजूला पडायचं. मग परत ऊब मिळाली की खांद्यापर्यंत सैल वाटायचं. पंधरवड्यात मी सकाळी तिच्या आधी उठून स्टो पेटवू लागलो. झोप लागू लागली. दोस्त आले की उठून बसायचो.

हात मात्र आपल्या चालीनेच सुधारला. आधी पेरांवरच्या सुरकुत्या दिसू लागल्या, म्हणजे सूज उतरली. मग चहाचा ग्लास धरता आला. एकदा चार दिवस काहीच फरक पडला नाही, तेव्हा मी टोप लाथेने सरकवला. तिने सांडलेलं पाणी पुसलं, टोप परत भरला आणि समोर ठेवला. मी निमूट हात घातला.

दुसरा महिना संपता संपता तिने भिजलेली चादर माझ्या हातात दिली. "पिळा." मी पिळली. मनगटातून कळ गेली, पण पाण्याची धार मोरीत पडली आणि आम्ही दोघंही ती बघत राहिलो.

मॅडमनी परवानगी दिल्यावर मी पहिल्या पाळीला गाडी काढली. मागे तीन फिटर बसले होते, त्यांना काही माहीत नव्हतं. क्लच दाबला, तो पूर्ण आत गेला. गिअर पडला. चढावर ट्रक आडवा आला, थांबावं लागलं, पुन्हा पहिला टाकला आणि गाडी तशीच वर चढली. कारखान्याच्या गेटवर तिघे उतरून गेले. मी मिनिटभर तिथंच बसून मूठ उघडत-मिटत राहिलो. छाती फुगली होती, खोटं कशाला बोलू.

पुढच्या रविवारी बायकोला तिच्या बहिणीकडे बदलापूरला घेऊन निघालो. चिखलोलीपाशी रस्ता मोकळा लागला. ती मागून म्हणाली, "अहो, हात दुखतोय का? एवढी हळू का चालवताय?"

"तू बसलीयस म्हणून."

"मग पळवा की."

मी मनगट फिरवलं आणि गाडी पळवली.