पांढरा फुललेला हायतांग

चीनमधल्या बाओडिंग शहरातल्या एका गल्लीत रुइझेनच्या अंगणात हायतांगचं, म्हणजे शोभेच्या सफरचंदाचं झाड होतं. फळं बोराएवढी, आंबटढाण. पण झाड ठेवायचं ते फुलांसाठी. वसंतात लालचुटुक कळ्या उमलून गुलाबी व्हायच्या.

झाड लावलं तिच्या नवऱ्याने, देशानने. दरवर्षी तो बुंध्याशी उकिडवा बसून मुळाशी फुटलेले धुमारे कापायचा. रुइझेनचं आयुष्य पाळणाघरात पोरं सांभाळण्यात गेलेलं. नवं उगवलेलं खुडणं तिच्याने पाहवत नसे. दगडाच्या काळजाचा म्हणून ती त्याला बोलायची. तो नुसता हसायचा.

देशान गेल्यावर तिने धुमारे वाढू दिले. कोंबडीखत घातलं, काठ्यांचा आधार दिला. काही वर्षांत ते तिच्या डोक्यावर गेले. वरच्या फांद्या वाळत चालल्या, ते तिने झाडाचं वय धरलं.

मग एका वसंतात सकाळी दार उघडलं आणि ती जागीच थिजली. झाड पांढरंफेक फुललं होतं. हातातली राळ्याची पेज पायावर सांडली, तरी तिला कळलं नाही.

ती तशीच शेजारच्या फानकडे गेली. "भाऊजी, माझं झाड कुणी बदललं?"

देशानचा हा जुना मित्र. त्याने येऊन बुंध्याजवळच्या गाठीवर बोट ठेवलं. "कुणी नाही बदललं, वहिनी. हे कलम आहे. वर हायतांग, खाली पांढऱ्या फुलांचं रानटी झाड. देशान खालच्याला डोकं वर काढू देत नव्हता. तुम्ही त्याला पोसलंत, त्याने वरच्याला उपाशी मारलं."

रुइझेनने त्या गाठीवरून हात फिरवला. "मग हे तो मला कधी बोलला का नाही?"

"तुम्ही बोलू दिलंत कधी?" फान म्हणाला, आणि त्याने जीभ चावली.

कित्येक दिवस ती अंगणात फिरकली नाही. खिडकीतून तो पांढरा रंग दिसला की ती पडदा ओढायची. संसारभर जे निष्ठुरपण म्हणून हिणवलं, ती राखण होती.

वरची एक फांदी अजून जिवंत होती. उन्हाळा सरताना फानने त्या फांदीवरचे डोळे, म्हणजे पानांच्या बेचक्यातले बारीक कोंब, काढून एका रानटी धुमाऱ्याच्या सालीत भरले, आणि बाकीचे धुमारे रुइझेनने स्वतः करवतले. पुढच्या वसंतात एकच डोळा फुगला. आता त्याच्या वरचा रानटी धुमाऱ्याचा हिरवागार शेंडा छाटायला हवा, तरच रस डोळ्याला मिळेल, असं फान म्हणाला. तिने कात्री मागितली आणि स्वतःच तो छाटला.