आहेसका-बाईची सही

प्रयोगशाळेत तिला नावाने कुणी हाक मारत नसे. सगळे आहेसका-बाई म्हणत. आधी पाठीमागे, मग तोंडावर, आणि पुढे पुढे तर पाकिटांवरसुद्धा. एकदा पार्सलवाला तिसऱ्या मजल्याचा जिना चढून धापा टाकत "आहेसका-बाई कोण?" म्हणून विचारायला लागला, तर तिने मान वरही न करता सही ठोकली आणि पार्सल ठेवून घेतलं.

नाव पडलं ते कामावरून. हल्लीच्या मोठ्या इमारतींत प्रत्येक दिव्याच्या पाठीशी एक चपटी डबी असते. दोन बारीक तारांवरून तिला हुकूम येतो: उजळ हो, मंद हो, विझ. एका जोडतारेवर चौसष्ट डब्या बसतात, आणि त्या चौसष्ट कारखान्यांतून आलेल्या असल्या तरी सगळ्यांना भाषा एकच कळली पाहिजे. ती भाषा मानकात लिहून ठेवलीय. डबीला ती खरोखर येते की नुसती मान डोलावते, हे तपासून प्रमाणपत्र द्यायचं हे प्रयोगशाळेचं काम. प्रमाणपत्राचा शिक्का नसला तर कंत्राटदार डबीला हात लावत नाही.

त्या भाषेला एक खोड आहे. डबीला विचारलं, "तुझा दिवा बिघडलाय का?" तर बिघडला असला म्हणजे ती "हो" म्हणते. नसला तर गप्प बसते. "नाही" हा शब्दच तिला दिलेला नाही. आता गप्प बसण्याचे प्रकार दोन. एक, सगळं ठणठणीत आहे म्हणून गप्प. दुसरा, डबीच बधिर होऊन पडलीय म्हणून गप्प. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात. म्हणून डबी गप्प बसली की बाई लगेच दुसरा प्रश्न सोडी: "आहेस का?" कळ दाबताना तोंडानेही म्हणे. तिकडून "हो" आलं की मगच आधीचं गप्प बसणं खरं धरायचं. छापील चाचणीत त्या जागी हा प्रश्न नव्हता. बाईने आपल्या तक्त्यात पट्टी धरून पेन्सिलीने एक जादा रकाना आखला होता, आणि प्रत्येक गप्प बसण्यापुढे त्यात "आहे" लिहिलेलं असे. पुढे प्रयोगशाळेत तो नियमच झाला.

बाई मूळची चोक गुंडाळणारी. ट्यूबलाइटच्या कारखान्यात आठ वर्षं तांब्याची तार गुंडाळली. तो कारखाना बसला तेव्हा इथे तारा जोडून द्यायला लागली. ती तारा जोडी, आकडे लिही, चूक पकडी; आणि सही करी एक पदवीवाला इंजिनिअर, ज्याला तार सोलायलासुद्धा दात लावावे लागत. अकरा वर्षं हे चाललं. मग तो सोडून गेला आणि प्रयोगशाळेच्या साहेबांनी तिला परीक्षेला बसवलं. ती पास झाली आणि प्रमाणपत्रावर सही करायचा अधिकार तिला मिळाला. सगळ्या प्रयोगशाळेत अशा सह्या दोन: एक साहेबांची, एक हिची. त्या दिवशी घरी येऊन तिने नवऱ्याच्या शिवणयंत्राशेजारी बसून रद्दी कागदावर वीसेक सह्या करून पाहिल्या. नवरा शिंपी. तो म्हणाला, "शेपूट जरा आखूड ठेव. फार पसरते." तेव्हापासून शेपूट आखूड.

तर त्या सहीवरच आलं.

गावाबाहेरच्या वसाहतीत एक कारखानदार होता. नऊ माणसं कामाला, स्वतः दहावा. दोन वर्षांपूर्वी त्याच्या डबीला बाईच्या सहीने प्रमाणपत्र मिळालं होतं. आता त्याने त्याच डबीला नवं कवच चढवून पाठवलं. आत सगळं तेच, फक्त झगा नवा. बाईने चाचणी लावली. दिवा काढला, विचारलं, डबी "हो" म्हणाली. दिवा परत लावला, विचारलं, डबी गप्प. बरोबर. "आहेस का?" गप्प. पुन्हा विचारलं. गप्प. मेन बंद करून चालू केला तेव्हा कुठे डबी भानावर आली. म्हणजे दिवा बदलला की ही बया बहिरी होत होती.

आत सगळं तेच, मग जुन्यात हे नव्हतं कसं? तिने कपाटातून दोन वर्षांपूर्वीचा नमुना काढला, धूळ फुंकली आणि तारा जोडल्या. तीच गत. मग जुना तक्ता काढला. चौदा पानं. चौथ्या पानावर, दिवा परत लावल्याच्या ओळीपुढे, तिचा पेन्सिलीचा रकाना रिकामा होता.

तारीख बघून तिला तो दिवस आठवला. घरची मोरी तुंबली होती आणि नळ दुरुस्त करणारा चारला येणार होता. तो आला की थांबत नाही. चौथं पान झालं असं धरून ती अर्धी सुट्टी टाकून पळाली होती. दुसऱ्या दिवशी आली ती सरळ पाचव्या पानावर.

साहेबांनी दोन्ही डब्या पाहिल्या, तक्ता पाहिला, चष्मा काढून डोळे चोळले.

"किती गेल्यात बाजारात?"

"अडीच हजारांच्या वर असतील."

"कुणाची तक्रार?"

"नाही. रखवालदार मेन खालीवर करत असतील आणि शिव्या देत असतील."

साहेब खिडकीशी जाऊन आले. "बाई, असं करू. नवी नापास करा. तो आतली चूक दुरुस्त करील. जुन्या डबीच्या प्रमाणपत्राची मुदत चार महिन्यांत संपतेय. संपू दे आपोआप. आपली मान्यता तपासायला तपासनीस येणार पुढच्या महिन्यात. हे त्याच्यापुढे ठेवलं तर तुमची सही जाईल, आणि ती परत आणायला मला किती खेटे घालावे लागतील ते तुम्हाला ठाऊक नाही."

साहेब वाईट माणूस नव्हते. म्हणून तर ते ऐकायला गोड लागलं.

घरी ती भाजी चिरत बसली तर नणंदेने ओळखलं. नणंद आयुष्यभर इस्पितळाच्या धुलाईघरात चादरी धुऊन निवृत्त झालेली. डाग कुठला ते तिला लांबून कळे.

"वहिनी, काय झालंय? केव्हाची एकच काकडी चिरताय."

बाईने सांगितलं. नणंदेने शांतपणे ऐकून घेतलं.

"नोकरी जातेय?"

"नाही."

"पगार कापतील?"

"नाही हो वन्सं. फक्त सही."

"मग गेली तर गेली. माझी कधी कुठे सही होती? अडलं का काही?"

शिवणयंत्र थांबलं. नवरा आतून म्हणाला, "तिचं अडतं. तुला नाही कळायचं."

"मला नाही कळत तर नाही," नणंद म्हणाली. "पण ही ते दाबून ठेवणार असेल तर चार महिने मला तिच्या हातची अशीच काकडी खावी लागणार. ही बघा, अर्धी जाड, अर्धी कागद."

दुसऱ्या दिवशी बाईने आपल्या हातून झालेल्या चुकीबद्दल स्वतःच अहवाल लिहिला. एक पानी. मोरीचं त्यात लिहिलं नाही. ते कारण होतं, सबब करायची नव्हती.

तपासनीस आला. कोरडा माणूस, चहाला नको म्हणणारा. अहवाल वाचून त्याने एवढंच विचारलं, "असे रिकामे रकाने आणखी किती?"

मग नऊ दिवस बाई आपलेच सगळे जुने तक्ते उलगडत बसली. आणखी दोन सापडले. ते नमुने काढून पुन्हा तपासले. दोन्ही डब्या शहाण्या निघाल्या. पण दोन तर दोन. निकाल आला: कारखानदाराचं जुनं प्रमाणपत्र रद्द, बाईची सही एक वर्ष बंद. चाचणी तिने करायची, सही साहेबांनी.

सही गेल्याचं तिने गिळलं. गिळता आला नाही तो कारखानदार. तो जिना चढून आला तोच तापलेला.

"चूक तुमची आणि भुर्दंड मला. अडीच हजार डब्या. इमारतीइमारतीत शिड्या लावतोय मी. नऊ घरांची चूल आहे माझ्यावर."

"डबीतली चूक तुमची. ती सुटली ती माझ्या हातून," बाई म्हणाली. "दोन्ही खरं आहे."

"गप्प बसला असता तर काय बिघडलं असतं?"

"गप्प बसले असते तर तुमच्या डबीत आणि माझ्यात फरक काय?"

"फरक आहे की. डबीला मी शिव्या देऊ शकतो."

"मलाही द्या. मी खुर्ची देते, बसून द्या."

तो बसला, पण शिव्या काही आल्या नाहीत. पाणी प्याला आणि गेला. जाताना बघितलंसुद्धा नाही. बाई उरलेला दिवस तारांची टोकं सोलत राहिली. तो माणूस कुठल्या तरी इमारतीत शिडी चढत असेल, हे तिला दिसत होतं, आणि त्यावर तिच्याकडे काही औषध नव्हतं.

दोन महिन्यांनी खोका घेऊन तो परत आला. डबीचा आतला प्रोग्रॅम नव्याने लिहून घेतला होता. खोका टेबलावर आदळून म्हणाला, "दुसऱ्या प्रयोगशाळेत गेलो होतो. ते म्हणाले, पहिल्यापासून सगळं करू. इथे जवळ पडतं. करा." एवढंच कारण. बाईलाही तेवढंच पुरेसं होतं.

तीन दिवस चाचणी चालली. दिवा काढला, लावला, विचारलं. गप्प. "आहेस का?" हो. तिने ते एकदा नाही, पन्नास वेळा करून पाहिलं, आणि पन्नास वेळा लिहिलं. तक्ता बांधून "चाचणी केली" या ओळीवर आपलं नाव घातलं. त्याच्या शेजारची सहीची चौकट कोरी ठेवून ती साहेबांच्या खोलीत गेली.

साहेबांनी फोन कानाला लावलेलाच होता. त्यांनी शेवटचं पान उलटलं आणि पेन उघडलं.

"साहेब, वाचा आधी."

त्यांनी फोन खाली केला. "तुम्ही केलंय ना? मग?"

"मी केलंय म्हणूनच वाचा."

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं. मग फोनवरच्या माणसाला "नंतर बोलतो" म्हणून सांगितलं, चष्मा शोधला आणि पहिलं पान पुढ्यात घेतलं. बाईने खुर्ची ओढली नाही. ती टेबलाशी उभी राहिली आणि त्यांचं बोट एकेका ओळीवरून कसं सरकतंय ते पाहत राहिली. मध्ये एकदा बोटाने ओळ गाळली. तिने खाकरून दाखवलं. बोट परत वर आलं.