बावीस आटे, चव्वेचाळीस घरं

नाशकात लेकाकडं राहायला आलो आणि पहिली ओळख झाली ती शांतवनशी. पाणी सोडणारा वॉलमन. हातात कायम छातीएवढी लोखंडी चावी. मी नांदगावकडचा, विहिरीवर वाढलेला; रस्त्यातल्या खड्ड्यात चावी घालून एक माणूस अख्ख्या वस्तीला पाणी देतो, याचं मला लय नवल. म्हणून रोज त्याच्या मागं मागं जायचो. चावी फिरवताना त्याचे ओठ हलायचे.

"काय पुटपुटतोस रे?"

"प्रार्थना, नाना. टेकडीच्या लाइनवर घरं चव्वेचाळीस, वॉलचे आटे बावीस. एका आट्याला दोन घरांची नावं. बरोब्बर बसतात."

"आणि घरं वाढली तर?"

"मग दमानं फिरवीन."

असा माणूस. ख्रिस्ती. रविवारी चर्चमध्ये मागच्या बाकावर, तेही पाणी सोडून झाल्यावर. त्याची बायको मार्थाबाई म्हणायची, "यांचं खरं चर्च त्या खड्ड्यातच हाय."

सहा महिने अंथरुणाला खिळलेली मार्थाबाई मे महिन्यात एका पहाटे गेली. धरण तळाला गेलेलं, पाणी दिवसाआड. आदल्या दिवशी पंपाची वीज गेली म्हणून आमच्या खालच्या लाइनची पाळी हुकलेली. गल्लीत सगळ्यांची पिंपं कोरडी. शांतवनकडं तळाला दोन तांबे. उन्हामुळं माती दुपारी दोनलाच ठरली. त्याआधी मार्थाबाईला आंघोळ घालायची होती.

नऊला टेकडीची पाळी. बदली माणूस मिळेना. शांतवननं चावी उचलली तशी लेक सुवार्ता दारात आडवी उभी राहिली.

"पप्पा, आधी आपला वॉल खोला. अर्धा तास. मम्मीपुरतं."

"अर्ध्या तासात नुसती आपली लाइन भरते, बाळा. दाब पडला की वर चढत नाही. त्यांना मग परवाच."

"एक दिवस नाही मिळालं तर मरणार आहेत का ते?"

शेजारचा धनराज म्हणाला, "अरे, मयत आहे घरात. कोण तक्रार करणारे?"

"कोणीच नाही," शांतवन म्हणाला. "म्हणूनच तर."

"जा," सुवार्ता म्हणाली. "लोकांना पाणी पाजा, मम्मीला तशीच मातीत घाला."

मी त्याच्यामागं गेलो. खरं सांगतो, मलाही त्याचा राग आला होता. बावीस आटे, चव्वेचाळीस नावं. एकही गाळलं नाही त्यानं.

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. टेकडीवर चढून मी सगळं सांगून आलो. अकराला वरून मंगलाबाई उतरली, कमरेवर हंडा, मागं सहा-सात बायका. हंडे ओट्यावर ठेवले.

"आमचं भरून झालं," ती म्हणाली.

कुठलं भरून? दोन तासांत वर निम्मं पिंप होत नाही.

शेजारच्या आबिदानं आडोशाला चादर धरली. आत आंघोळ चालू असताना बारा वाजले. शांतवन ओट्यावरून उठला.

"आज तरी थांब की रे."

"वॉल बंद करायचाय, नाना. नाही केला तर टाकी भरणार नाही. उद्या तुम्हीच कोरडे."

चादरीमागून सुवार्तानं ते ऐकलं. माती देताना ती बापाशेजारी उभी राहिली नाही. त्याला आता दोन वर्षं झाली. अजून येते, भाजी-भाकरी करून झाकून ठेवते, बोलत नाही.

माती झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला आमच्या लाइनची पाळी होती. मी खड्ड्यापाशी उभा. नावं चालू होती; आमच्या लाइनवर एका आट्याला एकच घर. माझं घर, धनराजचं, आबिदाचं, मग त्याचं स्वतःचं. इतकी वर्षं तिथं तो मार्थाचं नाव घ्यायचा. चावी थांबली. गल्लीतून कोणीतरी हाक दिली, "शांतवन, पाणी?"

तेवढा एक आटा त्यानं मुक्यानं फिरवला. मग पुढचं नाव घेतलं.